आनंदाचा आवाज आणि शेजारधर्म

दिवाळी जवळ आली की अलीकडे एक वाद ठरल्या वेळी उभा राहतो. लोकांनी आपापल्या दारात फटाके उडविण्यावर सरसकट बंदी घालावी, की सणाची परंपरा म्हणून ते चालू ठेवावेत? वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंची पत्रे छापून येतात, लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्हायचे ते होते आणि भाऊबीजेनंतर हा वाद पुढील वर्षासाठी बासनात गुंडाळून ठेवला जातो. आपण कॅथलिक मंडळी तो बहुधा लांबून ऐकतो. हा शेजाऱ्यांच्या सणाचा प्रश्न आहे, अशी आपली समजूत असते. माझीही होती. ती कशी मोडली ते प्रथम सांगतो.

आमचे वाशीम गाव जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती, वत्सगुल्म या नावाने. जिल्ह्याचे ठिकाण मात्र ते १९९८ साली झाले. आपली घरे येथे मोजकीच. नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपली की गळाभेटी होतात, केक वाटला जातो आणि मुले फटाक्यांची माळ लावतात. २०१८ सालच्या नाताळात घरी परतल्यावर माझ्या नातवाने फाटकापाशी चार सुतळी बॉम्ब लावले. मध्यरात्र उलटून वीस मिनिटे झाली असतील. समोरच्या घरी एक वृद्ध गृहस्थ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची आठवण आमच्यापैकी कोणालाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शिरस्त्याप्रमाणे आमच्या घरून त्यांच्याकडे फराळाचे ताट गेले. संध्याकाळी त्या घरच्या वहिनी ताट परत करायला आल्या. रिकामे देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातलेली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, थर्टी फर्स्टलेही फुटतीन का? आधी सांगजा, म्हणजे यायच्या कानात कापूस घालून ठेवतो."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर माझ्यापाशी उत्तर तयार होते: दिवाळीत पाच दिवस आम्ही ऐकून घेतो, आमची एक रात्र तुम्हाला सोसवत नाही का? पण त्या नुसती सोय विचारीत होत्या. आमचा आनंद त्यांनी पावसासारखा गृहीत धरला होता. तो थांबविता येतो हे त्यांच्या मनातही आले नव्हते, आणि हेच मला लागले.

त्यातून आणखी एक गोष्ट अशी, की घड्याळाच्या हिशेबाने आम्ही कायद्यात होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत फटाक्यांना मनाई केली होती. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ रोजी, दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या नावे त्यांच्या वडिलांनी केलेल्या अर्जावर निकाल देताना, न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली. कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांना दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ दिली. आणि नाताळ व नववर्षाला ११ वाजून ५५ मिनिटांपासून साडेबारापर्यंत. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने आपल्या सणाला मध्यरात्रीची पस्तीस मिनिटे नेमून दिली होती. सुतळी बॉम्ब या सवलतीत बसतो की नाही, हे आम्ही पाहिलेसुद्धा नाही. वेळ तेवढी पाहिली.

परंपरेचा दावा मी हसण्यावारी नेणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास १९५३ साली लिहिला. तो चाळला की ही कला बंदुकीच्या दारूच्या मागोमाग, साधारण चौदाशेच्या सुमारास आपल्याकडे आली असे दिसते. नाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातही दारूकामाचा उल्लेख आहे. कोणी म्हणेल, मग ती मूळची आपली नव्हेच! हा युक्तिवाद मला पोरकट वाटतो. मिरचीही मूळची आपली नव्हे. पण वऱ्हाडी माणसाच्या ताटातून ती काढून दाखवावी. आणि आपली ख्रिस्तसभा तरी या बाबतीत कोठे मागे होती? रोममध्ये कॅसल सांतँजेलोवरून उडविल्या जाणाऱ्या 'जिरांदोला' या आतषबाजीची सुरुवात पोप सिक्स्टस चौथे यांच्या कारकिर्दीत १४८१ साली झाली असे मानतात. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलसमोर आजही ईस्टरच्या दिवशी कबुतराच्या आकाराचा बाण तारेवरून धावत जाऊन फटाक्यांनी भरलेला गाडा पेटवितो. तोफखान्यातील आणि दारूकामातील माणसे संत बार्बराला आपली आश्रयदाती मानतात.

तथापि या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आतषबाजी एके ठिकाणी, एका ठरल्या वेळी, जाणत्या हातांनी व्हायची आणि सारा गाव ती पाहायला जमायचा. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूकामाचे वर्णन सवाई माधवरावांना ऐकविले आणि मग तसे पुण्यात करविले गेले, अशी हकिकत बखरीत आहे. तेही लोकांनी पाहायचेच होते. ज्याला नको असे तो घरी राही. प्रत्येक दारात प्रत्येकाने आपले पुडके फोडण्याची रीत घराघरांत पसरली ती मुख्यतः विसाव्या शतकात, शिवकाशीचा कारखानदारी माल स्वस्त झाल्यावर. पाहण्याची परंपरा जुनी, फोडण्याची सवय नवी. आपण दुसरीचा बचाव पहिलीच्या पुण्याईवर करतो.

त्यात 'खासगी' हा शब्दही फसवा आहे. पैसे माझे, अंगण माझे, काडी माझी. पण आवाज माझ्या कुंपणाशी थांबत नाही. चार मीटरवर १२५ डेसिबल ही फटाक्याची कायदेशीर मर्यादा आहे, आणि आमच्या रस्त्याची रुंदी चार मीटरहून फार अधिक नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने हरित फटाके तयार केले, त्यांत धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. विदर्भाला याचा अभिमान वाटावा. आवाज मात्र त्यांचाही होतोच. दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर शेतांत सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात; भरकटलेला एखादा बाण ती सुडी कोणाची हे विचारीत नाही.

मग बंदी का नको? दिल्लीने बंदीचा प्रयोग वर्षानुवर्षे करून पाहिला. दिवाळीच्या रात्री आकाश तसेच राहिले, आणि २०२५ साली न्यायालयालाच हरित फटाक्यांना मोजक्या दिवसांची सवलत द्यावी लागली. शिवाय शिवकाशीच्या मजुराचे काय, हा प्रश्न उरतोच. तेथील बालमजुरीसंबंधी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ५ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील एका कारखान्याच्या आगीत सुमारे चाळीस माणसे गेली. त्या धंद्याची कीव करावी की धास्ती घ्यावी, हे मला अद्याप उलगडलेले नाही. भुईनळे, फुलबाज्या, भुईचक्रे यांच्या वाटेला कायद्याने जाऊ नये. केवळ कानठळ्या बसविण्यासाठी केलेला माल मात्र बनविण्यावरच बंदी असावी, असे माझे मत आहे. दुसऱ्याची झोप हिरावून घेणे हा कोणाचाच धर्माचार नव्हे.

परंतु हे मत मी गावात मोठ्याने मांडू शकत नाही, आणि ती अडचण या लेखाच्या मुळाशी आहे. ओंजळभर समाजातील माणसाने बहुसंख्यांच्या सणावर बंदी मागणे, स्वतःच्या अंगणात सुतळीचे तुकडे पडलेले असताना, हे शोभत नाही. दुसऱ्याने सोडावे असे म्हणणे आणि आपण सोडणे या दोन नीतीच्या दृष्टीने अगदी निराळ्या गोष्टी आहेत. करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना मूर्तींना वाहिलेले मांस खाण्याची मुभा आहे, हे संत पौलाने मान्य केले होते. पण आपल्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असेही त्याने लिहिले. येथे प्रश्न भावाच्या श्रद्धेचा नसून त्याच्या कानांचा आहे, हे मी जाणतो. युक्तिवादाची दिशा मात्र तीच: हक्क खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो सोडण्याला काही अर्थ आहे.

आमच्या तरुणांपुढे मी हे मांडले तेव्हा एकाने दिलेले उत्तर मला अजून पुरते खोडता आलेले नाही. तो म्हणाला, "सर, वर्षभर आपण या गावात दिसतही नाही. त्या एका रात्री लोकांना कळते की आपणही आहोत." यात उद्दामपणा नव्हता, एकटेपण होते. अल्पसंख्याकाच्या आवाजात पुष्कळदा केवळ अस्तित्वाची हाक असते. मी त्याला बेथलेहेमच्या त्या रात्रीची आठवण दिली: मेंढपाळांभोवती प्रकाश फाकला, देवदूतांचे गीत झाले, स्फोट काही झाला नाही. तो हसला. पटले म्हणून हसला की गुरुजींची सवय म्हणून, कोण जाणे. तरीही पुढील नाताळात मुलांनी बॉम्ब आणले नाहीत. मिस्सेच्या आधी, आठच्या सुमारास, मोकळ्या पटांगणावर भुईनळे लावले आणि शेजारच्या घरांतील पोरांनाही बोलाविले. सगळ्यांना ते रुचले नाही. दोघे-तिघे आलेच नाहीत.

समोरच्या घरचे ते गृहस्थ त्यानंतरच्या पावसाळ्यात वारले. पुढचा नाताळ आला तेव्हा नातू माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "आजोबा, आता तर फोडता येतील ना?" त्याच्या प्रश्नात निर्दयपणा नव्हता; आम्हीच त्याला कारण तेवढेच सांगितले होते. मी म्हटले, "समोरच्या आजींना विचारून ये."

तो फाटकापर्यंत गेला. थोडा वेळ तेथेच उभा राहिला आणि परत आला.