रस्त्याकाठचा शेजारधर्म

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



हल्ली सत्संग संपल्यावर चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो. "आता इथे राहवत नाही हो." इंदूरला आमच्या केंद्रातली बरीच घरं ए. बी. रोडच्या आजूबाजूच्या जुन्या कॉलन्यांत आहेत. जिथे एकमजली घर, पुढे ओटला आणि मागे पेरूचं झाड होतं, तिथे आता चार मजल्यांची मल्टी आहे. खाली मोबाईलचं दुकान, वर कोचिंग, त्याच्या वर होस्टल. ओटल्यावर बसावं तर समोर गाड्यांची रांग, आणि संध्याकाळच्या आरतीला हॉर्नची साथ! ग्वाल्हेरचे, वडोदऱ्याचे, बेळगावच्या टिळकवाडीतले गुरुबंधूही हेच सांगतात. रस्त्याचं नाव तेवढं वेगळं.

वरवर पाहता हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न आहे. पण साधकाला त्याच्या आत आणखी एक प्रश्न दिसतो. जे आपल्याला विचारून आले नाहीत, ज्यांच्या येण्याने आपली शांतता गेली, त्यांच्याशीही आपला शेजारधर्म असतो का? की शेजारधर्म फक्त वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या माणसांपुरताच?

आधी या रस्त्याकडेच नीट पाहू. ए. बी. रोड म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. तो कॉलन्यांच्या आधीपासूनचा आहे. म्हणजे रस्ता आपल्या दारात आला नाही, आपण त्याच्या काठावर येऊन घरं बांधली. आणि आपण तरी कुठले? होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले. 1818 नंतर इंदूर राजधानी झालं तसे कारकून, मास्तर, वैद्य, शिपाई, पुजारी येत गेले. इथल्या माळवी माणसाला तेव्हा आपली भाषा, आपली नऊवारी, आपलं जेवण सगळंच परकं वाटलं असणार. तरी त्याने जागा दिली. आपल्या घरातले पोहे सेव आणि जीरावन लेवून साऱ्या शहराचे झाले. म्हणून तर आज आपण "आमची कॉलनी" असं म्हणू शकतो. मग आज खरगोन-खंडव्याकडून अभ्यासाला आलेला मुलगा किंवा नवीन दुकान टाकलेला तरुण आपल्याहून वेगळा कसा? तोही पोटासाठी, शिकण्यासाठी त्याच रस्त्याने आला आहे. फरक इतकाच की तो उशिरा आला.

अहिल्यामातेने 1767 ते 1795 राज्य सांभाळलं. महेश्वरला बसून त्यांनी देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. त्या कुणासाठी? ज्यांची तोंडं त्यांना कधी दिसणार नव्हती, अशा वाटसरूंसाठी. ओळखीच्या माणसाशी चांगलं वागणं हा व्यवहारही असू शकतो, आज त्याला आपण, उद्या आपल्याला तो. अनोळखी माणसासाठी पाणी ठेवलं की तिथे धर्म सुरू होतो.

कुणी म्हणेल, "पण बाजार दारात आला की साधना कशी व्हायची?" आपले संत आठवा. तुकोबांच्या घरी वाण्याचं दुकान होतं. गोरोबा मडकी घडवत, नरहरी महाराज सोनारकाम करत, सेना महाराज न्हाव्याचं काम करत. नरहरींची हातोडी शेजाऱ्यांनाही ऐकू जातच असेल. बाजार सोडून भक्ती करायला हवी असं त्यांच्यापैकी कुणी मानलं नाही. गुरुमाऊलीही आपल्याला हेच शिकवतात की नामाला शांत जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी नाम थांबत नाही.

मग सगळं मुकाट्याने सोसायचं का? नाही. इथे थोडा विवेक हवा. गैरसोय आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होस्टलची मुलं संध्याकाळी आठ वाजता गॅलरीत मोठ्याने हसतात, ही गैरसोय. फाटकासमोर गाडी लावून कुणी निघून गेला आणि घरातल्या आजारी माणसासाठी ॲम्ब्युलन्स आत येईना, हा अन्याय. गैरसोय पचवायची असते. अन्यायाबद्दल बोलायचं असतं. आधी दिवसाउजेडी दोघांनी जाऊन शांतपणे बोलावं, नाहीच ऐकलं तर निगमाकडे, पोलिसांकडे जावं. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावू नये असा नियम देशभर आहे. तो आपल्या मंडपालाही लागू आहे हे लक्षात ठेवून मगच दुसऱ्याला सांगावा. तक्रार माणसाच्या वागण्याची असावी, त्याच्या येण्याची नसावी. "ही बाहेरची पोरं" अशी सुरुवात झाली की आपली बाजू खरी असूनही बिघडते.

आणि एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. बाजार आपोआप येत नाही. कुणीतरी खालचा हॉल भाड्याने देतं, कुणीतरी प्लॉट विकतं. त्यात पाप नाही. पेन्शन पुरत नाही, मुलं पुण्याला किंवा परदेशात, अशा वेळी खालच्या मजल्याचं भाडं हा म्हातारपणाचा आधार असतो. पण भाडं आपल्या घरात आणि गाड्या शेजाऱ्याच्या फाटकासमोर, ही वाटणी धर्माची नाही. करार करतानाच गाड्या कुठे लागतील, कचरा कुठे जाईल, शटर किती वाजता पडेल हे ठरवावं, आणि ते शेजाऱ्याला जाऊन सांगावं. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. जो नफा शेजाऱ्याच्या झोपेतून येतो, तो घरात टिकला तरी मनाला लागत नाही.

आपल्याच शहरातली एक जुनी गोष्ट इथे फार उपयोगी आहे. 1917 च्या सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार इंदूरला काम करत होते. प्लेगचे दिवस होते. दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सगळ्यात जास्त घरं साफ आणि दुरुस्त असतील, त्या रस्त्याने जाईल. मग काय, सगळे कामाला लागले! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि झाडूवाल्यांना मानाने चालवलं होतं. यात शिकण्यासारखं असं की मान एकट्या घराला नव्हता, रस्त्याला होता. एकाने घर चकचकीत केलं आणि शेजारच्याकडे पाठ फिरवली तर मिरवणूक दोघांच्याही दारात येणार नव्हती. 2017 पासून इंदूर वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येतं, तेही याच बळावर. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपण शिकलो. माणसं वेगळी काढायला शिकू नये, एवढंच.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना धुराने दम लागतो, त्यांनी घर विकून शांत जागी जायचं ठरवलं तर मनात अपराध बाळगू नये. घर देहासाठी असतं, देह घरासाठी नाही. मात्र जाताना कडवटपणा सोबत नेऊ नये, कारण नव्या घरीही तो आपल्या आधी पोहोचतो. जे राहतील त्यांनी "आम्ही शेवटचे जुने" या अभिमानात राहू नये. या रस्त्यावर 2013 साली मधोमध बसचा वेगळा मार्ग झाला, आणि 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो काढायचं ठरलं. बारा वर्षांत रस्ता दोनदा बदलला. त्याच्या काठावर कायमचं कोण? दुकानं नाहीत, मल्टी नाही, आपणही नाही. कायम राहील तो फक्त एकमेकांशी कसं वागलो याचा हिशेब.

या आठवड्यासाठी एक छोटा संकल्प. आपल्या गल्लीतल्या एका नव्या माणसाचं नाव विचारून घ्यावं. दुकानदार असो, होस्टलचा मुलगा असो की रात्रीचा चौकीदार. फाटकाबाहेर पाण्याचा माठ ठेवता आला तर ठेवावा. घरातल्या मुलांना सोबत घ्यावं, म्हणजे त्यांनाही शेजारी म्हणजे कोण ते कळेल.

लेख घरी सगळ्यांनी मिळून वाचावा ही विनंती.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥