एक टँकर पाणी, एक किलो गाळ

देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत असाल, तर घड्याळ खिशात ठेवा. जवळच्या रानातलं काळं ढेकूळ उचला. हळूहळू चुरा.

या मातीत सीझियम-१३७ आहे. दचकू नका. परभणी जिल्ह्यात अणुभट्टी नाही. १९६३च्या करारापर्यंत बड्या देशांनी उघड्या हवेत अणुबाँब फोडले, त्यांची धूळ पावसाबरोबर साऱ्या उत्तर गोलार्धावर उतरली. सेलू-जिंतूरचा पाऊस काही वेगळ्या आभाळातून पडत नव्हता. प्रमाण अगदी नगण्य. अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे तेव्हाचं आता पाव हिश्श्याहूनही कमी उरलं. या पाव हिश्श्यापाशी थोडं थांबा.

आता त्यातला एकच अणू मनात धरा. वळवाच्या सरीनं तो रानातून ओढ्यात आला, ओढ्यातून दुधनेत. इथे त्याच्यापुढेही फाटा आहे: पाण्यात विरघळून राहायचं, की गाळाच्या कणाला चिकटायचं? नदीतल्या किरणोत्साराचं गणित मांडणारे आधी हेच विचारतात. एक किलो गाळात जेवढे अणू, तेवढे किती लिटर पाण्यात? गोड्या पाण्यातल्या सीझियमसाठी हिशेबाला १०,००० लिटर धरू. एक टँकर. उन्हाळाभर टँकरच्या खेपा मोजणाऱ्या मुलखाला हे माप समजावून सांगायला नको.

श्वास सावकाश सोडा आणि नुसतं पाणी बदला. समजा, माघातली निवळ नदी, लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ: ११ अणूंपैकी एक गाळावर, दहा पाण्यात. भाद्रपदातला पूर, लिटरमागे एक ग्रॅम: ११ पैकी दहा गाळावर. गुणोत्तर तेच, अणू तेच. नदी तेवढी गढूळ झाली.

१९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर नीपर नदीत सीझियम बरंचसं कीव्हच्या जलाशयात तळाला बसलं. स्ट्रॉन्शियम-९० मात्र मुख्यतः विरघळलेलं राहून पाण्यासोबत पुढे गेलं. म्हणून वरच्या पाण्याचा नमुना चांगला आला, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तळाचं काय, हे विचारावंसं वाटतं.

तळही स्थिर नसतो. प्राणवायू संपला की गाळात अमोनियम साचतं आणि सीझियमला जागेवरून हुसकतं. थोडं पुन्हा पाण्यात येतं. चिकणमातीच्या थरांत खोल शिरलेलं मात्र सहसा परतत नाही. सुटणारं कोणतं आणि अडकलेलं कोणतं, हे एकट्या गुणोत्तराला कळत नाही. तिथे गणित तोकडं पडतं.

शेवटी त्या अणूला वाटेतल्या एखाद्या तलावात बसवा. नदीच्या गणिताच्या आकृतीतला बाण इथून खालीच जातो: पूर्णा, मग गोदावरी. पण आपल्याकडे २०१७मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तळ उघडा पडला की जेसीबी लागतो, ट्रॉल्या भरतात, गाळ रानात पसरतो. या खोऱ्याचं गणित मांडणाऱ्याला तलावाकडून शेताकडे चढणारा एक बाण जादा काढावा लागेल, आणि त्याचे आकडे नदीमापकावर नाही, ट्रॉलीवाल्यांच्या वहीत ब्रासमध्ये सापडतील.