कानाचा तुकडा

शास्त्रपाठ : उत्पत्ति 31:38–40, निर्गम 22:10–13, आमोस 3:12.



दुसऱ्याचें जनावर राखणें ही आपल्या खेड्यांतील फार जुनी चाल आहे. ज्याच्यापाशीं शेळी विकत घेण्यापुरता पैसा नाहीं, तो दुसऱ्याची शेळी अर्धेलीनें वाढवितो व करडांत निम्मा वांटा घेतो. तुमच्यापैकीं पुष्कळांचे संसार याच चालीवर उभे राहिले आहेत. तेव्हां राखणीचें जनावर दगावलें म्हणजे धन्यापुढें काय सांगावें, ही चिंता तुम्हांस नवी नाहीं. पवित्र शास्त्रासही ती ठाऊक आहे.

निर्गमाच्या 22व्या अध्यायांत याविषयीं स्पष्ट नियम सांगितला आहे. राखणीस दिलेलें जनावर चोरीस गेलें, तर राखणाऱ्यानें तें भरून द्यावें; परंतु श्वापदानें फाडलें, तर उरलासुरला भाग साक्षीसाठीं आणून दाखवावा, म्हणजे तो मोकळा झाला. आमोस संदेष्टा स्वतः तकोवाच्या मेंढपाळांपैकीं होता. सिंहाच्या तोंडांतून मेंढपाळ दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, असें तो लिहितो. एवढ्याशा तुकड्यासाठीं जीव धोक्यांत कां घालावा? तो कान म्हणजे पुरावा होय. कान दाखविला कीं चोरीचा आळ गेला.

ही चाल मोशेच्याही पूर्वीची आहे. बाबेलचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेला शिलास्तंभ 1901–02 सालीं सुसा येथें सांपडला. त्यांतही असें आहे कीं, वाड्यांत सिंहानें जनावर मारलें, तर मेंढपाळानें देवासमोर आपण निर्दोष असल्याचें सांगावें व नुकसान धन्यानें सोसावें. परंतु मेंढपाळाची हयगय झाली असेल, तर त्यानें स्वतः भरून द्यावें. आजही रीत फारशी पालटलेली नाहीं. विमा उतरविलेलें जनावर मेलें म्हणजे कंपनी कानांतील बिल्ला मागते. लांडग्यानें मेंढरूं मारलें म्हणजे पंचनामा होईपर्यंत तें जागचें हलवीत नाहींत. हा नियम न्यायाचा असून गरीब राखणाऱ्याचें रक्षण करणारा आहे. त्यास कोणीं दोष देऊं नये.

परंतु याकोबाकडे पाहा. त्यानें वीस वर्षें लाबानाचीं मेंढरें राखिलीं. दिवसा उन्हानें तो करपला, रात्रीं थंडीनें गारठला, त्याच्या डोळ्यांची झोंप उडाली. शेवटीं सासऱ्यास तो सांगतो कीं, फाडलेलें जनावर मीं कधीं तुझ्यापुढें आणलें नाहीं. तें नुकसान मींच सोसलें. लाबान कठोर धनी होता, चोरीस गेलेलेंही तो भरून मागे. म्हणून या बोलण्यांत याकोबाचें गाऱ्हाणेंही आहे. तथापि एवढें खरें कीं, कान दाखवून मोकळें होण्याची वाट असतां तो त्या वाटेनें गेला नाहीं.

आतां आम्ही स्वतःविषयीं कांहीं सांगतों, व तें सांगतांना आम्हांस लाज वाटते.

आमच्या मंडळींत ऊसतोडीस जाणारीं कांहीं घरें आहेत. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास तीं निघतात व उन्हाळ्यांत परततात. त्यांपैकीं एक कुटुंब परतल्यावर उपासनेस येईनासें झालें. आम्हीं दोन वेळां निरोप पाठविला. पुढें वहींत त्यांच्या नांवांसमोर "परगांवीं" असें लिहून टाकिलें. वर्षाच्या सभेंत संख्या कां घटली असें विचारण्यांत आलें, तेव्हां आम्हीं वही पुढें केली. कोणीं कांहीं बोललें नाहीं. आम्हीही निश्चिंत झालों.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शिवारांत धनगरांचा वाडा उतरला. पावसाळा सरला म्हणजे हे लोक कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोंकणांत जातात व पावसापूर्वीं परततात. वाटेंत शेतकरी आपल्या रानांत मेंढरें बसवून घेतात, कारण लेंड्यांचें खत जमिनीस फार मानवतें, व त्याबद्दल धनगरास धान्य किंवा पैसा देतात. सायंकाळीं कळप परतला म्हणजे घरची बाई एकेक कोंकरूं उचलून त्याच्याच आईला लावते. मग वाघर लावून मेंढरें आंत कोंडतात व भोंवतीं कुत्रीं राखण करितात. इतकी दक्षता असतांही एके रात्रीं लांडग्यानें एक कोंकरूं नेलें. म्हातारा धनगर काठी व बॅटरी घेऊन रात्रभर ओढ्यानें हिंडला. पहांटे तो परतला, तेव्हां त्याच्या हातांत फाडलेल्या कोंकराची जागा सांगणारा रक्तानें माखलेला लोंकरीचा पुंजका तेवढा होता.

आम्ही त्याचें समाधान करावयास गेलों व म्हणालों, "पंचनामा करून घ्या. सरकारांतून भरपाई मिळेल."

तो म्हणाला, "भरपाई मिळंल, बाबा. पर ही मेंढी रातभर वरडतीया. तिला मी कंचा कागद दावूं?"

आम्ही उत्तर न देतां परतलों. आणि घरीं न जातां सरळ त्या कुटुंबाच्या दारीं गेलों. नवराबायको पुन्हा तोडीस गेलीं होतीं. परंतु म्हातारी आई घरींच होती. दोन्हीं वर्षें ती गांवांतच होती, आणि तिच्या नांवासमोरही आम्हीं "परगांवीं" असें लिहिलें होतें! प्रार्थनामंदिराची घंटा तिला दर रविवारीं ऐकूं येत असे; पाय अधू असल्यामुळें तिला चालवत नसे. मुलगा कां येत नाहीं असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली कीं, उपकारस्तुतीच्या सणास लोकांनीं धान्य आणलें, कोंबड्या आणल्या; याच्या हातीं कांहीं नव्हतें, उचल फिटली नव्हती; त्यावर कोणीतरी हंसलें. तेव्हांपासून त्यानें पाऊल टाकिलें नाहीं. तो हंसणारा आमच्याच मंडळीचा होता. लांडगा बाहेरून आलाच नव्हता.

बंधूंनो, "परगांवीं" हा शब्द आमचा कानाचा तुकडा होता. तो दाखवून आम्ही सभेपुढें सुटलों. परंतु त्यानें हरवलेलें एकही माणूस घरीं आलें नाहीं. आणि आमचा धनी लाबान नव्हे. योहानाच्या 10व्या अध्यायांतील उत्तम मेंढपाळानें कोणाकडेही पुरावा दाखविला नाहीं. मेंढरांची सर्व हानि त्यानें आपल्या जिवावर घेतली. अशा धन्याच्या चाकरीत राहून आम्हीं स्वतःची सुटका तेवढी शोधावी काय?

उपदेशक बंधूंनो, नांवासमोर कारण लिहिण्यापूर्वीं त्या घरचा उंबरा ओलांडा. तोडीस कोण गेलें हें लिहा, तसेंच घरीं कोण राहिलें हेंही लिहा, आणि जो राहिला त्याच्याकडे प्रभुभोजन घेऊन जा. कारखान्याच्या तळावर जाणें होत असेल तर जा. नसेल तर फोन करून विचारपूस करा. आणि मंडळीच्या लोकांनो, रिकाम्या हातानें आलेल्या भावास आपल्या शेजारीं बसवून घ्या. आमच्याकडे ती म्हातारी आतां बैलगाडींतून उपासनेस येते. मुलगा अद्याप आलेला नाहीं; तळावर जाऊन आम्हीं त्याची क्षमा मागितली आहे, व तो येईपर्यंत ती नोंद आम्हीं कोरी ठेविली आहे.

हे प्रभो, जीं मेंढरें तूं आमच्या हातीं दिलीं तीं तुझीं आहेत. आमचीं निमित्तें आमच्यापासून काढून घे, आणि हरवलेल्यांची ओढ आम्हांस दे. आमेन.