मागच्या बाकावर

कोर्टहॉलमध्ये आल्यावर आधी मागच्या बाकावर बस. फोन बंद कर. न्यायाधीश आसनावर यायला अजून वेळ आहे.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २०. हे आकडे आज मनातून काढून टाक. प्रमाणपत्र काय, सगळ्यांनाच मिळतं.

बोर्डावर कितीही प्रकरणं असोत, तू एकच धर. शक्यतो जुना दिवाणी दावा, वाटपाचा नाहीतर बांधाचा. सीनियरकडून फाइल मागून घे आणि दाव्याआधी रोजनाम्याची नक्कल वाच. सावकाश. समन्स बजावणी नाही. कैफियतीसाठी मुदत. साक्षीदार गैरहजर. मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर. सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. परीक्षेत तू ते लिहिलंही असशील. आता रोजनाम्यात मोज. राग आला तर येऊ दे. मग एकेका नोंदीपाशी थांब आणि विचार कर: त्या दिवशी कोण कुठून आलं असेल? एसटीचं भाडं किती पडलं असेल? कुणाचा खाडा झाला असेल? 'पुढील तारीख' हे शब्द ऐकून त्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल?

पुकारा झाला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला. आता वकिलाकडे पाहू नकोस. (सगळे इंटर्न वकिलाकडेच पाहतात, कोट तिथे असतो म्हणून.) साक्षीदाराचं ऐक. तो म्हणतो, "नाय साहेब, तसं कसं होईल?" कागदावर उतरतं, 'हे म्हणणे खरे नाही की…' दोन्ही ऐकून घे. बोललेल्यातलं काय कागदावर आलं, काय हवेतच राहिलं? चूक शोधत बसू नकोस. अंतर किती आहे तेवढं पाहा. अपिलाच्या कोर्टापुढे हा माणूस उभा राहणार नाही, त्याचा कागद जाईल.

एका प्रश्नावर तो गप्प होतो. त्या गप्प बसण्यालाही कायद्यात जागा आहे: संहितेचा आदेश १८, नियम १२. साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायाधीश शेरा नोंदवू शकतात. तू काय नोंदवलं असतंस? तो खोटं आठवत होता, की प्रश्नच त्याला कळला नव्हता?

आता जरा स्वतःकडे वळ. वादी-प्रतिवादी या दोघांतला कोण तुला खरा वाटला? केव्हापासून? पुरावा पुढे येण्याआधीच वाटला असेल, तर कशामुळे? इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ बोलणं, तुझ्या आजोबांसारखं टोपी सावरणं? उत्तर सापडलं तर कुणाला सांगू नकोस, पण स्वतःपाशी नाकारूही नकोस. मग दुसऱ्या पक्षकाराकडे तेवढाच वेळ पाहा. त्याची बाजू त्याच्या वकिलापेक्षा चांगली मांडता येते का, मनातल्या मनात करून पाहा. हे अवघड जातं. इथे हवा तेवढा वेळ घे.

संध्याकाळी चेंबरमध्ये डायरी लिहिताना कलमं थोडक्यात उरक. त्याऐवजी उलटतपासात सीनियरनं जो प्रश्न ओठांवर आणून सोडून दिला, तो लिही. का सोडला असेल, याचा तुझा अंदाज खाली लिही. चहा आला की त्यांना विचार.