आजचं चिंतन : तुकोबांनी दिवाळं लपवलं नाही



आज गाथेतले तुकोबांचे आत्मचरित्रपर अभंग वाचले. संतांनी विचारलं म्हणून तुकोबा स्वतःची हकीकत सांगतात. 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. घरात महाजनकी, सावकारी, दुकान. सगळं बसलं. पहिली बायको अन्नावाचून गेली. तुकोबा हे सगळं सांगतात, आणि लाज वाटली हेसुद्धा सांगतात.

मी इथेच थांबलो. कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

2023 मध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, लगेच लॅपटॉप बंद. घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि अभ्यासिकेत बसायचो. घराचा हप्ता बचतीतून, किराणा आणि मुलीची फी क्रेडिट कार्डावर. चार महिन्यांत कार्डावर 1,80,000 झाले. मी फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरायचो, 9,000. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 6,300. त्यावर 18 टक्के जीएसटी. मूळ कर्जातून जेमतेम दीड हजार कमी व्हायचे, आणि नवा किराणा पुन्हा कार्डावरच. मग ते फेडायला एका अ‍ॅपवरून कर्ज घेतलं. इंजिनीअर माणूस, पण हा हिशोब मी एकदाही कागदावर मांडला नाही. ‘पांडुरंग बघून घेईल’ म्हणायचो आणि स्टेटमेंट उघडायचो नाही. ती भक्ती नव्हती, भीती होती.

शेवटी वसुलीचा फोन बायकोला गेला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “अरे, पहिल्याच महिन्यात सांगितलं असतंस तर तेव्हाच गाडी विकली असती ना!”

खरं होतं तिचं. नोकरी एका दिवसात जाते, दिवाळं एका दिवसात निघत नाही. ते महिन्यामहिन्याने निघतं, आणि पगार चालू असल्याचं नाटक त्याला खतपाणी घालतं. मग आम्ही गाडी विकली, फ्लॅट भाड्याने दिला, आईबाबांकडे राहायला गेलो. बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून घेतली. नऊ महिन्यांनी कमी पगाराची नोकरी लागली. कर्ज अजून फिटतंय.

परंपरा सांगते, तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबांना, खतांचा निम्मा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. लक्षात घ्या, ती तुकोबांनी देणं असलेली खतं नव्हती, लोकांकडून येणं असलेली होती. स्वतः बुडालेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यातला फास सोडवत होता. आणि भावाचा वाटा मात्र त्यांनी बुडवला नाही.

आपल्याला बँकेचे कागद नदीत सोडता येणार नाहीत. पण ‘पगार म्हणजेच मी’ हे खत सोडता येईल. पगार थांबला की पांडुरंगाच्या दारातली आपली जागा जात नाही. दुकान बसलेल्या वाण्यालाच तर त्याने जवळ केलं.

आजचा संकल्प : नोकरी गेली असेल, तर आज रात्री घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा. आणि नोकरी गेलेल्या मित्राकडून तुमचे काही येणं असेल, तर त्याला आपणहून फोन करा. म्हणा, “घाई नाही रे.” तेवढीच आपली इंद्रायणी.

राम कृष्ण हरी!