रिलेचं सोनं कुणाचं? (गीता १८.१४)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात, असं भगवंत सांगतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर काम उभं राहतं ते शरीर. मग कर्ता. मग करणं, म्हणजे इंद्रियं आणि साधनं. मग निरनिराळ्या हालचाली. आणि पाचवं दैव. दोनच श्लोक पुढे गेलं की भगवंतांचा सूर जरा कडक होतो: एवढं सगळं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरं काही दिसतच नाही.

वाचताना मान डोलते. अडचण येते ती सोमवारी सकाळी, लॅपटॉप उघडल्यावर.

माझी एक जुनी सहकारी आहे. तिने तीन महिने खपून एक मॉड्यूल उभं केलं, रिलीजच्या रात्री ती जागी होती, आणि मीटिंगमध्ये ते काम तिच्या लीडच्या नावावर सादर झालं. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "अगं, तू तर गीता वाचतेस ना? कर्म करत राहायचं, फळाकडे बघायचं नाही." तिने मला फोन केला आणि म्हणाली, "दादा, तो चुकीचं बोलतोय हे कळतंय, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाहीये. कर्तेपण सोडायचं असेल तर मी भांडू कशासाठी?"

हे कोडं सोडवायला मला एका जुन्या शर्यतीची फार मदत झाली.

मे १९५४, मनिला, दुसरे आशियाई खेळ. महिलांची ४ गुणिले १०० मीटर रिले. भारताकडून धावल्या क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. मेरी आपल्या मुंबईची, वांद्र्याची. स्टेफी मूळची गोव्याची. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा याच शर्यतीत सोनं जपानला आणि रौप्य आपल्याला मिळालं होतं. मनिलात या चौघींनी सोनं आणलं. स्वातंत्र्य मिळून सात वर्षंही झाली नव्हती, आणि मुलींनी शॉर्ट्स घालून मैदानात पळायचं म्हणजे घराघरात चर्चा होणार, असा तो काळ.

आता रिले कशी चालते ते बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. बॅटन दिली-घेतली जाते ती ठरावीक पट्टीतच. त्या काळी ही पट्टी २० मीटरची होती, आता ३० मीटरची आहे. आणि बॅटन पट्टीत आहे की बाहेर, हे ठरवताना पंच धावणारीचे पाय बघत नाहीत, ते बघतात बॅटन कुठे आहे. धावणारी आत असली आणि बॅटन बाहेर असली तरी संघ बाद. म्हणजे शर्यत चौघींची वाटते, पण नियमांच्या दृष्टीने धावत असते ती एक छोटी पोकळ नळी! चौघी तिची वाहनं. कर्तेपण सोडणं म्हणजे काय हे शिकवायला याहून सरळ उदाहरण मला तरी माहीत नाही.

शिवाय ४ गुणिले १०० मध्ये पुढची मुलगी मागे वळून बघत नाही. ट्रॅकवर एक खूण केलेली असते. मागची त्या खुणेवर पोचली की पुढची जीव खाऊन पळत सुटते, आणि हाक आली की हात मागे करते. न बघता. (४ गुणिले ४०० मध्ये मात्र वळून बघतात, कारण येणारी पार दमलेली असते. २०२३ ला हांगझोऊमध्ये आपल्या मुलींनी त्या शर्यतीत रौप्य मिळवलं, त्यात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. व्हिडिओ मिळाला तर बघाच.) त्या उघड्या तळहातावर बॅटन येईल की नाही, हे तिच्या हातात नसतं. पाच कारणांतलं दैव म्हणतात ते हेच असावं, निदान त्या सेकंदापुरतं.

मग सोनं कुणाचं? पाच कारणं लावून बघा. चौघींची शरीरं, वर्षानुवर्षांचा सराव, हातातली बॅटन, पायाखालचा ट्रॅक. आणखी मागे जा. १९५२ मध्ये मेरीला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं होतं तेव्हा पैशांची अडचण होती, आणि मित्रमंडळींनी कार्यक्रम करून पैसे जमवायला मदत केली. मग मनिलाच्या सोन्यात त्या मंडळींचा काही अंश नाही का? शोधत गेलो तर धागा संपतच नाही. "हे मी केलं" असं म्हणायला कुणी एकटा उरतच नाही.

इथपर्यंत लीडचं म्हणणं बरोबर वाटतं. कुणीच एकटा कर्ता नाही, मग नावाचा हट्ट कशाला?

पण आता दुसरी बाजू. स्टेफी डिसूझाला १९६३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मेरी डिसूझाला ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ मध्ये. मनिलानंतर तब्बल ५९ वर्षांनी! आणि क्रिस्टीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स ही नावं तुमच्यापैकी किती जणांनी आजच्या आधी ऐकली होती? त्यांच्याही पायांनी तेवढेच मीटर तोडले होते. आपण त्यांना विसरलो, याला "त्यांनी निष्काम कर्म केलं" असं म्हणायचं? मला ते म्हणवत नाही. निष्काम राहणं त्यांच्याकडचं होतं. विसरणं आपल्याकडचं आहे. दोन्हींचा खातेदार वेगळा आहे.

माझ्या मते घोळ नेमका इथे होतो. "मी कर्ता नाही" हे वाक्य फक्त प्रथमपुरुषात खरं असतं. ते उचलून "तू कर्ती नाहीस" असं केलं की अध्यात्म संपतं आणि हिशेबातली लबाडी सुरू होते. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी तर शब्दच वापरलाय: दिलेलं परत न देता जो एकटाच भोगतो तो चोर. चोर! इतका स्पष्ट शब्द गीतेत फार वेळा येत नाही.

आणि अकराव्या अध्यायात काय होतं ते आठवा. भगवंत अर्जुनाला सांगतात, तू केवळ निमित्त हो. पण हे सांगताना हाक कशी मारतात? सव्यसाची. दोन्ही हातांनी बाण मारू शकणारा! म्हणजे "तू निमित्त आहेस" आणि "तुझ्यासारखे हात कुणाचे नाहीत" हे एकाच श्वासात. देणारा कौशल्याचं नाव घेतो, घेणारा त्याला चिकटत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही बघा. माउली सगळं श्रेय निवृत्तिनाथांच्या पायाशी ठेवतात. तरी शके १२१२ या सालाशेजारी ग्रंथ उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. लेखनिकाचं नाव. सातशे वर्षांहून जास्त काळ ते तिथे टिकलंय, आणि त्याने माउलींचं काही कमी झालं नाही.

इकडे पडेगावात पहाटे मी चालायला निघतो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली रस्त्याच्या कडेने पळत असतात. एक जण मोबाईलवर वेळ मोजत उभी असते, बाकीच्या पळतात, मग पाळी बदलते. मोजणारीचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही. पण पळून आलेली प्रत्येक जण धापा टाकत आधी तिच्याचकडे जाते.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की भांड, फक्त डोकं गरम करून नको. अर्जुनालाही ताप उतरवून लढ असंच सांगितलंय, लढू नकोस असं नाही. तिने अप्रेझलचा फॉर्म भरला. आपलं काम तारखांसकट लिहिलं. त्याच रकान्यात, ज्या टेस्टरने रात्री दोन वाजता तिची शेवटची चूक पकडून दिली होती, त्याचंही नाव लिहिलं. तो रकाना "वैयक्तिक योगदान" असा होता, त्यामुळे एचआरने फॉर्म परत पाठवला. तिने तो तसाच पुन्हा सबमिट केला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

उद्या पंधरावा श्लोक.