हे ३१२ आले कुठून?

वही इकडे आण. आणि खाली पाहू नको, विचारतो त्याचं उत्तर दे. 'शिंपले : ३१२' असं शाईनं लिहून खाली दुहेरी रेघ ओढलीस. कोणी पाहिले हे ३१२ शिंपले? टेबलावर आहेत ते तुकडे. गांधीग्रामच्या पुलाजवळून, पूर्णा नदीच्या काठावरून दोन्ही शिंपा जुळलेले रिकामे शिंपले मी आणले होते, मोजून २०. मीच ते दगडानं फोडले, मातीत कालवले आणि तुला दिले. २० जिवांचे ३१२ केलेस तू! घरी एक माठ फुटला तर माय शंभर माठ फुटले म्हणते का रे?

एका शिंपेचे पन्नास तुकडे होतील, पण बिजागरीजवळची फुगीर चोच एकच असते. ती शोधायची. बिजागरी वर धर, चोच ज्या टोकाकडे सरकलेली आहे ते टोक पुढे कर. पोकळ बाजू उजव्या हाताला आली तर शिंप डावी, डाव्या हाताला आली तर उजवी. दोनदा दाखवलं होतं वर्गात, तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतास. आता बघ, तुझ्यासमोर निवडल्या : डाव्या १७, उजव्या १९. यांची बेरीज करून ३६ म्हणशील तर तीही चूकच. जास्तीचा आकडा धर. निदान १९ जीव. हाडांसाठी ही रीत थिओडोर व्हाइट यांनी १९५३ मध्ये मांडली, ती शिंपल्यांनाही तशीच लागते. विसावा कुठं गेला? त्याच्या दोन्ही चोची चुरा होऊन चाळणीतून गेल्या. म्हणून 'किमान' हा शब्द लिहायचा असतो, आणि म्हणून चाळणीच्या जाळीचं माप लिहायचं असतं. तुझ्या वहीत दोन्ही नाहीत. माती किती घमेली चाळलीस, तेही नाही. खोदकामात एका थराची १० घमेली आणि दुसऱ्याची ४० चाळलीस, तर दुसऱ्यात शिंपले जास्त निघणारच. त्यावरून तिथली माणसं जास्त शिंपले खात होती म्हणशील?

आणि या गोगलगायी! शंखाची टोकं मोजलीस, तोंडंही मोजलीस आणि दोन्हींची बेरीज मारलीस. त्यातही या ९ जमिनीवरच्या आहेत, अजून चकाकी आहे त्यांना. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यातून आजची गोगलगाय जुन्या थरात उतरते. तू अकोल्याकडचा, शेतात वाढलेला. हे तुला मी सांगावं? मला याचाच जास्त राग आला.

'मग नुसतं वजन केलं असतं, सर' म्हणे. शिंपेच्या पोकळीत गाळ बसलेला तसाच, आणि काट्यावर ठेवणार! जमिनीत चुना झिरपून गेला की शिंप हलकी होते, गाळ चिकटला की जड. वजन जरूर घे, पण ब्रशनं साफ करून, आणि मोजणीच्या शेजारी लिही. तिच्याऐवजी नाही.

लांबीच्या रकान्यात 'लहान-मोठे' लिहिलंस. हे माप आहे? एडवर्ड मोर्स यांनी १८७७ मध्ये जपानात ओमोरीचा शिंपल्यांचा ढीग खोदला. तिथले शिंपले त्यांनी किनाऱ्यावरच्या जिवंत शिंपल्यांशी मापानं ताडून पाहिले, तेव्हा फरक दिसला. अख्खी शिंप नसेल तर बिजागरीची जाडी मिलिमीटरमध्ये घे. आपल्या पूर्णेच्याच आजच्या अख्ख्या शिंपांवर जाडी आणि लांबी दोन्ही मोज, मग फुटक्या शिंपेची लांबी काढता येते.

मी इतका का चिडतो, ते ऐक. २०१८-१९ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं चांदूर बाजार तालुक्यात फुपगावला खोदकाम केलं. लोहयुगातली वस्ती, पूर्णेच्या वळणावर, पात्रापासून जेमतेम वीस मीटर. तिथं नदी बारमाही वाहायची. वर धरण झालं आणि पात्र कोरडं पडलं. वस्तीचा तिसरा हिस्सा तर पाण्यानं आधीच कापून नेलेला. अशा जागी उद्या तू उभा राहशील. त्या नदीत पाणी किती दिवस टिकायचं, लोक पोटासाठी काय वेचायचे, हे विचारायला तिथं कोणी जिवंत नाही. शिंपले आहेत. तुळजापूर गढीची जुनी वस्ती १९८४-८५ मध्ये खोदली, तो थर पुन्हा कोणाला खोदता येणार नाही. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती तर लोक शेतात टाकायला घेऊन जातात. तिथं तू ३१२ लिहून आलास, तर ते खोडायला मी नसेन, आणि तपासायला मातीही नसेल.

डेक्कन कॉलेजात जायचं म्हणतोस ना? जा. हुशार आहेस, म्हणून तर एवढं बोलतोय. पण आधी हे पान फाडू नको. त्यावर एक आडवी रेघ मार, सही कर, तारीख टाक. उद्या सात वाजता ये. डाव्या एका ताटात, उजव्या दुसऱ्यात, चुरा तिसऱ्यात. बारीक जाळीची चाळणी कपाटात वर आहे.